दृष्टीच्या मुळाशीं वाहणारें रक्त

इ. स. २०१२ सालच्या माघांतील गोष्ट. ज्वारीची काढणी तोंडावर आली होती. उमरगा तालुक्यांतील एका खेड्यांत राहणारे आमचे थोरले मामा नेहमींप्रमाणें पहांटे उठले, तोंड धुवून ओसरीवर आले आणि अंगणांतील लिंबाकडे पाहून जागच्या जागीं उभे राहिले. काय झालें म्हणून मामींनीं विचारलें तेव्हां ते म्हणाले, "लिंबाचा शेंडा दिसतोय, पण बुड दिसंना." प्रथम त्यांस वाटलें, धुकें पडलें असेल. परंतु उजवा डोळा झाकला तर झाड मुळापासून शेंड्यापर्यंत जसेंच्या तसें दिसे. डावा झाकला कीं खोड नाहींसें होई व शेंडा तेवढा अधांतरीं उरे. डोळा दुखत नव्हता, लाल झाला नव्हता, त्यांतून पाणीहि येत नव्हतें. रात्रीं निजतांना जी दृष्टि पुरती होती ती सकाळीं एका डोळ्यापुरती अर्धी झाली होती, एवढेंच.

मामींनीं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. जवळच्या एका डॉक्टरांनीं बॅटरीनें डोळा पाहून मोतीबिंदु आहे, पिकूं द्या, असें सांगितलें. मोतीबिंदु एका रात्रींत येत नसतो, हें त्या वेळीं आमच्यासारख्या चार बुकें शिकलेल्या माणसासहि सुचलें नाहीं, याची टोंचणी आम्हांस अजून आहे. दोन महिने असेच गेले. मग सोलापुरास एका नेत्रवैद्याकडे त्यांस नेलें. त्यानें बाहुल्या मोठ्या करणारें औषध घालून, भिंगांतून मिनिटभर डोळ्याच्या आंत पाहिलें आणि म्हटलें, "दृष्टीच्या मज्जातंतूचा रंग उडाला आहे. त्याला रक्त कमी पडलें." लगेच दुसरा प्रश्न विचारला, "रक्तदाबाची गोळी केव्हां घेतां?" मामा म्हणाले, "निजताना." डॉक्टरांनीं मान हालविली.

रक्त कमी पडलें हें त्यांस कसें दिसलें? आणि गोळीच्या वेळेचा येथें संबंध काय? इतिहास शिकविण्याचा आमचा व्यवसाय असल्यामुळें कोणत्याहि 'कसें'च्या मागें 'केव्हांपासून' हें आमच्या मनांत येतेंच. गेल्या बारा-तेरा वर्षांत सवडीप्रमाणें जें वाचलें, ज्यांना कळतें त्यांना विचारलें, त्यावरून या एका पाहण्याचा इतिहास वाचकांपुढें ठेवीत आहों.

डोळ्याच्या मागील भिंतीवर दृष्टिपटल म्हणून एक पातळ पडदा असतो. त्याच्या पेशींपासून निघालेले दहा-बारा लाख सूक्ष्म तंतु एके ठिकाणीं जमून दोरीसारखे वळतात व भिंतीला भोंक पाडून मेंदूकडे जातात. ही दोरी म्हणजे दृष्टिमज्जातंतु, आणि जेथून ती डोळ्याबाहेर पडते तें तिचें मुख. त्याचा व्यास दीड-पावणेदोन मिलिमीटर, म्हणजे बाजरीच्या दाण्याएवढा. निरोगी डोळ्यांत तें गुलाबीसर, मध्यें जरासें खोलगट असतें आणि त्याच्या मध्यांतून रोहिणी व नीला बाहेर येऊन पटलावर वेलीसारख्या पसरतात. कातडें न कापतां जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतु एकाच दृष्टिक्षेपांत पाहावयास मिळावे, अशी शरीरांत ही एकच खिडकी आहे. परंतु हजारों वर्षें ती सर्वांच्या समोर असून कोणासच तींतून आंत पाहतां आलें नाहीं. सुश्रुतसंहितेंत तिमिर, काच, लिंगनाश अशीं दृष्टिनाशाच्या अवस्थांचीं नांवें आहेत, आणि तीं बाहेरून दिसणाऱ्या लक्षणांवरून अतिशय बारकाईनें लावलेलीं आहेत. पण बाहुलीच्या पलीकडे काळोख होता तो होताच.

हा काळोख प्रथम भेदला गेला तो एका मांजरीमुळें. इ. स. १७०४ मध्यें झां मेरी या फ्रेंच शस्त्रवैद्यानें पाण्यांत बुडविलेल्या मांजरीच्या डोळ्यांत पाहिलें, तों बाहुलीच्या आंतील भिंत व तीवरील रक्तवाहिन्या स्पष्ट दिसल्या. पाण्यामुळें डोळ्याच्या पुढील पृष्ठाची वक्रता निष्प्रभ झाली होती, हें त्याचें कारण पांच वर्षांनीं ला हीर यानें दिलें. माणसाला पाण्यांत बुडवून त्याचे डोळे तपासणें शक्य नव्हतें, म्हणून हा शोध दीडशें वर्षें एक कौतुकाची गोष्ट म्हणून पडून राहिला.

अडचण अशी होती कीं डोळ्यांत शिरलेला प्रकाश ज्या वाटेनें जातो त्याच वाटेनें परत फिरतो. तो पाहावयाचा तर पाहणाऱ्याचा डोळा दिव्याच्याच जागीं हवा. आणि तेथें डोकें नेलें कीं दिवा झांकला जातो. १८५० च्या अखेरीस कोनिग्सबर्ग येथील शरीरशास्त्राचा अध्यापक हर्मान हेल्महोल्ट्झ यानें ही गांठ सोडविली. पुठ्ठा, सरस, चष्म्याचीं भिंगें आणि सूक्ष्मदर्शकाच्या कांचेच्या कांहीं पट्ट्या एवढेंच त्याचें सामान. तिरप्या धरलेल्या कांचेवरून दिव्याचा उजेड रोग्याच्या डोळ्यांत परावर्तित करावयाचा व त्याच कांचेच्या आरपार आपण पाहावयाचें, ही त्याची युक्ति. विद्यार्थ्यांना वर्गांत दाखविण्यासाठीं केलेला हा खेळ १८५१ मध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाला आणि नेत्रवैद्यकाचें रूपच पालटलें. गणितयंत्राचा जनक म्हणून प्रसिद्ध असलेल्या चार्ल्स बॅबेज या इंग्रजानेंहि १८४७ मध्यें असेंच एक साधन करून लंडनच्या व्हार्टन जोन्स या नेत्रवैद्यास दाखविलें होतें. त्यास त्याचें महत्त्व उमगलें नाहीं, व बॅबेजनें तें बाजूस ठेवलें. उपकरण हातीं येणें आणि त्यांतून काय पाहावयाचें हें कळणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें या इतिहासांत पुढेंहि वारंवार आढळतें.

हेल्महोल्ट्झचें पुस्तक निघालें तेव्हां आमचा हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. १८५३ त नळदुर्गाकडील हा प्रांत इंग्रजांकडे गेला, १८६० त पुन्हां निजामाकडे आला. सरकारें बदललीं, रयतेच्या डोळ्यांचा कारभार मात्र सळईनें मोतीबिंदु खालीं पाडणाऱ्या फिरत्या वैदूंच्याच हातीं राहिला.

तिकडे युरोपांत नव्या यंत्रांतून पाहण्याची झुंबड उडाली होती. बर्लिनचा आल्ब्रेख्त फॉन ग्रेफ हा त्यांतील अग्रणी. काचबिंदु झालेल्या डोळ्यांत त्यानें मज्जातंतूचें मुख पाहिलें आणि तें पुढें फुगून आलेलें आहे, असें लिहिलें. व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगरलाहि तसेंच दिसलें. वास्तविक तेथें फुगवटा नसून खळगा होता! एका डोळ्यानें पाहतांना उजेड कोणत्या बाजूनें येतो हें चुकलें, तर खाच उंचवट्यासारखी दिसते. नाण्यावरील ठसा क्षणांत आंत व क्षणांत बाहेर भासतो, तसाच हा प्रकार. वुर्झबर्गचा हाइन्रिख म्युलर यानें मृत डोळे कापून खळगा असल्याचें दाखविलें आणि ग्रेफनें आपली चूक मोकळेपणानें मान्य केली. एवढ्या तीक्ष्ण नजरेच्या माणसाची अशी फसगत व्हावी आणि ती त्यानें अशी कबूल करावी, या दोन्ही गोष्टींचें आम्हांस सारखेंच अप्रूप वाटतें.

खळगा आहे हें ठरलें. तो कां पडतो यावर वाद सुरू झाला. १८५८ हें त्या वादाचें जन्मवर्ष मानतात. म्युलरचें म्हणणें, डोळ्याच्या आंतील दाब वाढतो व तंतूंना चेंगरून मारतो. येगरचें म्हणणें, मुळांत रक्तवाहिन्याच बिघडतात, पोषण तुटतें व तंतु वाळतात. दाब कीं रक्त? दोन्ही पक्ष त्याच भिंगांतून त्याच बाजरीच्या दाण्याकडे पाहत होते. पण त्यांना दिसत होतें तें रक्तवाहिन्यांचें रूप. त्यांतून रक्त किती वाहतें व कोठें पोंचत नाहीं, हें त्यांना दिसत नव्हतें. फिकटपणा पाहून 'रक्त कमी' म्हणावयाचें, तर तंतु मेल्यावरहि मुख फिकटच पडतें. येगर एकेका चित्रासाठीं तासन्तास बसून डोळ्याच्या तळाचीं अप्रतिम रंगीत चित्रें काढी. त्या चित्रांतहि नदी होती, पाण्याची हालचाल नव्हती.

छायाचित्रणानें प्रथम फारसा फरक पडला नाहीं. १८८६ मध्यें जॅकमन व वेब्स्टर या दोघा इंग्रजांनीं जिवंत माणसाच्या डोळ्याच्या तळाचें पहिलें छायाचित्र काढलें, त्यासाठीं कॅमेरा डोक्याला बांधून अडीच मिनिटें स्थिर बसावें लागलें. १९२६ मध्यें झाइस कारखान्यानें नॉर्डेन्सन या स्वीडिश नेत्रवैद्याच्या योजनेवरून तयार केलेला कॅमेरा बाजारांत आणला व चित्रें चांगलीं येऊं लागलीं. तरी तीं शेवटीं स्थिर चित्रेंच.

रक्त वाहतांना दिसलें तें १९५९ मध्यें, अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठाच्या दोघा तरुणांना. हॅरल्ड नोव्होट्नी आणि डेव्हिड आल्व्हिस हीं त्यांचीं नांवें. फ्लुओरेसीन नांवाचा एक रंग आडोल्फ फॉन बायर यानें १८७१ मध्येंच तयार केला होता. त्यावर निळा उजेड पडला कीं तो हिरवट पिवळा चमकतो. हा रंग दंडाच्या शिरेंत टोंचावा, तो रक्ताबरोबर हृदयांतून फिरून कांहीं सेकंदांत डोळ्यांत येईल, त्या वेळीं निळ्या उजेडांत भराभर छायाचित्रें घ्यावीं, ही त्यांची कल्पना. प्रयोग प्रथम कोणाच्या डोळ्यावर करावयाचा, यासाठीं नाणें उडविलें. पाळी आल्व्हिसची आली. दोघांनीं लिहिलेला निबंध नेत्रवैद्यकाच्या प्रतिष्ठित मासिकानें यांत नवें कांहीं नाहीं म्हणून परत केला आणि तो १९६१ मध्यें हृदयरोगाच्या 'सर्क्युलेशन' या मासिकांत छापला गेला. पुढें ही परीक्षा जगभर रूढ झाली.

येथून आमच्या कथेंत एका भारतीयाचा प्रवेश होतो, आणि आमच्या मतें या साऱ्या इतिहासांतील गाभ्याचें काम त्याचें आहे. सोहनसिंग हायरे यांचा जन्म १९२७ मध्यें पंजाबांतील जालंदर जिल्ह्यांतील एका खेड्यांत झाला. लाहोरास वैद्यकाचें शिक्षण सुरू झालें, तों फाळणी झाली. उरलेलें शिक्षण अमृतसरास पुरें करावें लागलें. कांहीं वर्षें लष्करी वैद्यकांत काढून ते १९५५ पासून पतियाळाच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवूं लागले. तेथें त्यांनीं शवांच्या डोळ्यांतील रक्तवाहिन्यांचा माग काढावयास प्रारंभ केला. साधनें तुटपुंजीं होतीं. परंतु १९६० मध्यें इंग्लंडच्या नेत्रवैद्यकाच्या मासिकांत या विषयावरील त्यांचे निबंध एका सहकाऱ्यासह आले. त्या वेळीं युरोपांतील नामांकित शास्त्रज्ञ दृष्टिमज्जातंतूच्या मधोमध त्याची स्वतःची एक मध्यवर्ती रोहिणी असते, असें मानीत. हायरे यांस ती कोठेंच सांपडेना. न सांपडलेली वस्तु नाहींच, असें मोठमोठ्या नांवांपुढें म्हणावयास किती धैर्य लागत असेल, याची कल्पना ज्यांनीं मान्यवर ग्रंथकाराची तारीख चुकली आहे असें लिहून पाहिलें असेल त्यांस येईल.

१९६१ मध्यें बाइट शिष्यवृत्ति मिळून ते लंडनला सर स्ट्युअर्ट ड्यूक-एल्डर यांच्याकडे गेले. तेथें त्यांनीं माकडांवर प्रयोग करून, व पुढें नव्या फ्लुओरेसीन पद्धतीनें जिवंत डोळ्यांत पाहून जें दाखविलें त्याचा सारांश असा : दृष्टिमज्जातंतूच्या मुखास मुख्यतः पोसते ती पटलाची ठळक दिसणारी रोहिणी नव्हे, तर डोळ्याच्या मागून शिरणाऱ्या, भिंगांतून मुळींच न दिसणाऱ्या पश्च सिलियरी रोहिण्या. शंभर वर्षें नेत्रवैद्य ज्या वाहिन्यांकडे पाहून मज्जातंतूच्या रक्ताविषयीं तर्क करीत होते, त्या बहुतांशीं दुसऱ्याच शेताचें पाणी वाहत होत्या.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. शवाच्या शिरांत रबर वगैरे पदार्थ भरून जे सांचे काढीत, त्यांत या सर्व लहान वाहिन्या एकमेकींस मिळालेल्या दिसत. त्यावरून समज असा कीं एक तुंबली तर दुसरी तिचें काम करील. परंतु जिवंत डोळ्यांत एक वाहिनी बंद करून रंग सोडला, तेव्हां तिचा भाग काळाच राहिला, आणि तोहि रेघ मारावी तशा स्पष्ट सीमेनें. शवांत दाबानें भरलेला पदार्थ जेथें वाट असेल तेथें शिरणारच. रक्त तसें वागत नाहीं. जुन्या नकाशावर दोन गांवांमध्यें रस्ता काढलेला असतो. त्यावरून गाड्या चालत होत्या कीं नाहीं, हें नकाशा सांगत नाहीं. आम्हां इतिहासाच्या लोकांस हा धडा ठाऊक असावयास हवा, आणि तो आम्हीहि पुष्कळदां विसरतों.

आमच्या भागांतील वाचकांस हें समजावयास फार कष्ट पडूं नयेत. उमरगा तालुका बालाघाटच्या माळावर आहे. येथील पावसाचें कांहीं पाणी बेनितुरेवाटें भीमेकडे जातें, कांहीं तेरणेवाटें मांजरेकडे. दोन पाणलोटांच्या मधल्या उंच पट्टीवर कोणत्याच नदीचा हक्क नसतो, आणि दुष्काळांत विहिरी पहिल्यानें तेथील आटतात. मळ्यांतहि दोन पाटांच्या मधला वाफा असाच. दोन्ही पाट भरून वाहत असतील तोंवर तो भिजतो, पाणी जरा उतरलें कीं पहिला तोच तडकतो. दोन सिलियरी रोहिण्यांच्या मधली अशीच एक पट्टी असते, ती प्रत्येकाच्या डोळ्यांत निराळ्या जागीं असते, आणि कित्येकांच्या डोळ्यांत ती नेमकी मज्जातंतूच्या मुखावरून जाते. हायरे यांच्या म्हणण्याप्रमाणें रक्तदाब उतरला कीं घात होतो तो या पट्टीचा.

१९७४ मध्यें त्यांनीं या रोगास रक्ताभावानें होणारा पुढच्या भागाचा मज्जातंतुरोग अशा अर्थाचें नांव दिलें. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास 'ए. आय. ओ. एन.' म्हणतात. आमच्या मामांस झालें तें हेंच. तोंवर आयोवा विद्यापीठांत गेलेल्या हायरे यांनीं असे रोगी वर्षानुवर्षें तपासले व एक गोष्ट हेरली : पुष्कळांस दृष्टि गेल्याचें कळतें तें झोंपेंतून उठल्यावर. झोंपेंत रक्तदाब स्वभावतःच उतरतो. त्यांनीं रोग्यांच्या दंडाला रात्रभर रक्तदाब मोजणारें यंत्र बांधलें आणि १९९४ मध्यें असें मांडलें कीं निजतांना घेतलेली रक्तदाबाची गोळी हा उतार आणखी खोल करूं शकते. सोलापूरच्या डॉक्टरांचा प्रश्न येथून आला होता. हें मत सर्वमान्य झालेलें नाहीं. रात्रींच्या उताराला एवढें महत्त्व देऊं नये असें म्हणणारेहि जाणते आहेत. हें वाचून कोणी आपली गोळी आपण होऊन बंद करूं नये; वाढलेल्या रक्तदाबानें मेंदूंत होणारा रक्तस्राव डोळ्यापुरता थांबत नाहीं. वेळ बदलावयाची असेल तर तें वैद्यास विचारून. मामांची गोळी डॉक्टरांनीं सकाळची करून दिली.

कारण कळलें म्हणजे उपाय सांपडतोच, असें मात्र नाहीं. मज्जातंतूच्या आवरणास चीर देऊन आंतील दाब मोकळा केला तर रक्त पुन्हां वाहूं लागेल, अशी कल्पना निघाली. १९८९ च्या सुमारास ही शस्त्रक्रिया अमेरिकेंत उत्साहानें होऊं लागली. मग २४४ रोग्यांवर रीतसर परीक्षा झाली. १९९५ मध्यें निकाल आला तो असा : शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं ३२.६ टक्के रोग्यांची दृष्टि सहा महिन्यांत बरीच सुधारली, आणि नुसतें देखरेखीखालीं ठेवलेल्यांपैकीं ४२.७ टक्क्यांची! दृष्टि आणखी खालावण्याचें प्रमाण शस्त्रक्रियेच्या बाजूस सुमारें दुप्पट होतें. परीक्षा अर्ध्यावरच थांबविण्यांत आली. त्याच परीक्षेंतील रोग्यांवर पुढें लक्ष ठेविलें तेव्हां पांच वर्षांत सुमारें पंधरा टक्क्यांचा दुसरा डोळाहि गेल्याचें आढळलें. हा आंकडा आम्हीं मामांस कधीं सांगितला नाहीं.

यानंतरच्या साधनांचा वृत्तान्त थोडक्यांत देतों. १९७२ मध्यें रीव्हा व त्याच्या सहकाऱ्यांनीं लेसर किरणांनीं पटलावरील रक्ताचा वेग मोजण्याचा मार्ग दाखविला. १९८१ मध्यें फेर्शर व ब्रायर्स यांनीं, लेसरच्या उजेडांत पृष्ठभागावर जी बुट्टेदार चमक दिसते ती वाहत्या रक्तावर पुसट होते, या गोष्टीचा उपयोग केला. जपानांत त्यावरून यंत्रें तयार झालीं व मज्जातंतूच्या मुखावर त्यांचा पुष्कळ उपयोग होत आहे. १९९१ मध्यें मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांतील मंडळींनीं ओ. सी. टी. म्हणून जी पद्धति प्रसिद्ध केली तिनें प्रकाशाच्या साह्यानें पटलाचे उभे छेद, न कापतां, मिळूं लागले. त्या निबंधाचा पहिला लेखक डेव्हिड हुआंग तेव्हां विद्यार्थी होता. एकवीस वर्षांनीं, १९१२ नव्हे, २०१२ मध्यें, म्हणजे मामांची दृष्टि गेली त्याच वर्षीं, त्याच हुआंगच्या ऑरेगन येथील प्रयोगशाळेंत याली जिया या विदुषीनें त्याच यंत्रानें, रंग न टोंचतां, रक्तवाहिन्यांचें जाळें दाखविण्याची एक कुशल रीत प्रसिद्ध केली.

तिचें तत्त्व इतकें सोपें आहे कीं तें आधीं कां सुचलें नाहीं असें वाटावें. एकाच जागेचा छेद क्षणाच्या अंतरानें पुन्हां पुन्हां घ्यावयाचा. जें स्थिर आहे तें प्रत्येक वेळीं तसेंच येतें. जेथें रक्तपेशी धांवत आहेत तेथें प्रत्येक वेळीं कांहींतरी बदलतें. तो बदल तेवढा ठेवून बाकीचें पुसून टाकलें, कीं उरतें तें वाहत्या रक्ताचें चित्र. रस्त्याच्या कडेला बसून लागोपाठ दोन छायाचित्रें घ्यावीं आणि दोहोंत सारखें असेल तें वगळावें, तर घरें व झाडें जातील, चालणारीं माणसें राहतील. दोष इतकाच कीं माणूस धांवत होता कीं चालत होता हें त्यावरून नीट कळत नाहीं. आणि जो फारच हळू चालतो तो उभाच धरला जातो. अत्यंत मंद झालेलें रक्त या चित्रांत नसल्यासारखें दिसतें.

आतां तरी १८५८ चा वाद मिटावा कीं नाहीं? ऑरेगनच्या मंडळींनीं २४ निरोगी व ११ काचबिंदूच्या डोळ्यांची तुलना करून २०१४ मध्यें सांगितलें, कीं काचबिंदूंत मज्जातंतूच्या मुखांतील प्रवाहाचा निर्देशांक सुमारें २५ टक्क्यांनीं कमी भरला. येगरचा जय झाला, असें वाटतें. परंतु तंतु मेले म्हणजे त्यांना रक्ताची गरजहि उरत नाहीं, आणि गरज नाहीं तेथील बारीक वाहिन्या आपोआप मिटतात. गांव ओस पडला म्हणून रस्ता मोडला, कीं रस्ता मोडला म्हणून गांव ओस पडला? दोन्हींचें आजचें चित्र एकच. उलट १९९८ मध्यें अमेरिकेंतून एक निकाल आला : ज्यांच्या डोळ्यांतील दाब मुळींच वाढलेला नव्हता आणि तरीहि काचबिंदु होता, अशांचा दाब आणखी ३० टक्के उतरविला, तर रोग पुढें जाण्याचें प्रमाण ३५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आलें. म्हणजे रक्ताचा पक्ष जेथें सर्वांत बळकट मानीत तेथेंहि उपाय लागू पडला तो दाबाचा. चित्रांत 'कमी' दिसतें, 'आधीं' दिसत नाहीं. 'आधीं' पाहावयाचें तर तोच डोळा वर्षानुवर्षें पुन्हां पुन्हां पाहिला पाहिजे.

तसें पाहणें, आणि तेंहि रोगी दवाखान्यांत येण्यापूर्वीं खेड्यांत जाऊन पाहणें, महाराष्ट्रांत झालेलें आहे. नागपूरच्या सूरज नेत्रसंस्थेंतील डॉ. विनय नांगिया यांनीं जर्मनींतील योस्ट योनास यांच्या सहकार्यानें २००६ पासून नागपूरपासून सुमारें ४० किलोमीटरवरील आठ खेड्यांत नेत्रपरीक्षा मांडली. तीस वर्षांवरील ५,८८५ माणसांपैकीं ४,७११ आलीं. त्यांचे डोळे, रक्तदाब, डोळ्यांतील दाब, मज्जातंतूच्या मुखाचीं छायाचित्रें, सर्व नोंदलें गेलें. शंभरांतील ऐंशीं शेतकरी-मजूर आपला दिवस मोडून डोळे दाखवावयास येतात, ही गोष्ट आम्हांस कोणत्याहि नव्या यंत्राइतकीच महत्त्वाची वाटते. मराठवाड्यांत अशी मोजणी व्हावी, अशी आमची इच्छा आहे; १९९३ च्या भूकंपानंतर या भागाच्या भिंती, भेगा, मृत व जखमी यांची इतकी मोजदाद झाली, तर डोळ्यांचीहि व्हावयास हरकत नसावी.

२०२४ च्या पावसाळ्यांत मामांस घेऊन आम्ही पुन्हां सोलापुरास गेलों. ते आतां सत्तरी ओलांडून गेले आहेत. उजव्या डोळ्यानें जेवावयाचें तर ताट दिसत नाहीं, म्हणून मान खालीं घालावी लागते. जिना उतरतांना ते भिंतीला हात लावतात. तेवढें सोडलें तर डाव्या डोळ्यावर त्यांचें सर्व चाललें आहे. त्या दिवशीं त्यांना या नव्या यंत्रापुढें बसविलें. हनुवटी टेकावयाची, समोरच्या खुणेकडे टक लावावयाची. अडीच मिनिटें नव्हे, कांहीं सेकंदच. पडद्यावर काळ्या भूमीवर पांढऱ्या बारीक जाळीचें चित्र आलें. मज्जातंतूच्या मुखाभोंवतीं जाळी खालच्या अंगाला दाट होती, वरच्या अंगाला पंख्याच्या आकाराचा काळा तुकडा. डोळ्यांत प्रतिमा उलटी पडते. म्हणून वरचा भाग वाळला तर खालचें जग जातें. लिंबाचें खोड बारा वर्षांपूर्वीं जेथें नाहींसें झालें ती जागा आम्हीं त्या दिवशीं प्रथम पाहिली.

येतांना एस. टी.च्या गाडींत आम्हीं मामांस पाटाची व वाफ्याची उपमा सांगितली होती. त्यांनीं पडद्याकडे बराच वेळ पाहिलें आणि डॉक्टरांना विचारलें, "आधी पाणी आटलं, का आधी पीक जळालं?"

डॉक्टर हंसले. म्हणाले, "तुमच्या डोळ्यांत आधीं पाणीच आटलें. पण बाहेर काचबिंदूचे रोगी बसले आहेत, त्यांच्यापैकीं कोणी हें विचारलें तर मला सांगतां येणार नाहीं."

"मग आता पाणी सोडता येतंय का?"

"नाहीं."

मामांनीं मान डोलावली. बोअर कोरडी गेल्यावर शेतकरी डोलावतो तशी. मग डावा डोळा पुढें केला. त्याची जाळी चारी बाजूंनीं भरलेली निघाली. डॉक्टरांनीं ती आम्हां दोघांना निरनिराळी दाखविली, रात्रींच्या गोळीविषयीं पुन्हां एकदां विचारून घेतलें, आणि पुढल्या वर्षाची तारीख एका चिठ्ठीवर लिहून दिली. मामांनीं ती घडी घालून टोपींत खोंचली व गाडी किती वाजतां आहे म्हणून विचारलें.